बारशाला डुकरांचा खुराक

मी डुकरं पाळते.

हे एवढंसं वाक्य उच्चारायला मला फार वेळ लागला, म्हणून पुन्हा लिहिते. मी डुकरं पाळते! पांढरी, गुलाबी कानांची, रोज आंघोळ करणारी डुकरं. (शेवटचं विशेषण मी आमच्या घरातल्या सगळ्याच पुरुषांना लावू शकत नाही.)

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बदलापूरला कात्रपच्या फ्लॅटमध्ये बसून रांगोळ्यांचे क्लास काढणार. पण माझ्या धाकट्या भावाने, बाळूने, बदलापूरच्या पलीकडे आमच्या गावच्या जमिनीवर शेड घातली होती. डुकरं आणली होती. त्याला भागीदार हवा होता. मी झाले!

"लोकांना काय सांगायचं?" आमच्या ह्यांनी घाबरून विचारलं.

"डुकरं."

"छे छे! आईला कळलं तर घर सोडून जाईल. शेळ्या सांगू."

म्हणून शेळ्या सांगितल्या. सासूबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी लगेच गुडघ्यांसाठी शेळीचं दूध मागितलं! मग काय, हे दर रविवारी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये ओळखीच्या एकाकडे जायचे, बाटलीभर शेळीचं दूध आणायचे आणि "बाळूने पाठवलंय" म्हणून आईच्या हातात ठेवायचे. सासूबाई दूध पिऊन चालायला लागल्या. त्यांच्याबरोबर आमचं खोटंही चालायला लागलं.

इकडे शेडवर मात्र माझं आणि बाळूचं जुंपलं. बाळूची पद्धत सरळ होती. हॉटेलांतलं उरलेलं आणायचं, उकळायचं आणि लहानमोठ्या सगळ्यांपुढे ओतायचं.

"ताय, डुकराला काय कलतंय, काय खातो तो?"

"डुकराला नाही, तुला कळायला हवं!"

मी त्याला समजावलं, की नुकतंच आईचं दूध सुटलेलं पिल्लू म्हणजे बाळ. त्याचं पोट एवढंसं. त्याला मऊ, पचायला हलकं, दुधाची पावडर आणि सोयाबीन घातलेलं हवं, तेही थोडं थोडं. मधल्या वयातली म्हणजे शाळकरी पोरं. त्यांचं मांस भरायचं असतं, त्यांना मका आणि पेंड पोटभर. आणि मोठ्यांना तेच चारत राहिलं की नुसती चरबी! त्यांचा खुराक बदलायचा, कोंडा वाढवायचा. बाळू "हां हां" म्हणायचा आणि पुन्हा एकच बादली सगळीकडे ओतायचा.

अशातच माझ्या नणंदेच्या, मंदाताईंच्या मुलीला, पूजाला, बाळ झालं. मंदाताईंच्या कॅम्प पाचच्या घरात लाद्या बसवायचं काम चाललं होतं, म्हणून पूजाच्या बाळाचं बारसं आमच्याकडे ठरलं. जेवणाची जबाबदारी बाळूची. (माणसांसाठी तो उत्तम स्वयंपाक करतो. तिथे बादली वापरत नाही.) मंदाताईंनी लगेच 'बारसं' नावाचा ग्रुप काढला आणि दोन्हीकडची सगळी मंडळी त्यात कोंबली.

आदल्या संध्याकाळी मी शेडवरून घरी आले ती धुमसतच. पुन्हा तीच एक बादली, पिल्लांच्या पुढेही कोंडा आणि ढोल्या नराच्या पुढेही दुधाची पावडर! मी फोन उचलला आणि बाळूला तोंडी निरोप रेकॉर्ड करून पाठवला. आता माझ्या फोनमध्ये 'बाळू' आणि 'बारसं' एकाखाली एक येतात, यात माझा काय दोष?

ग्रुपवर गेलेला निरोप असा होता:

"बाळू, नीट ऐक. उद्यापासून सगळ्यांना एकच जेवण घालायचं नाही. लहानांना मऊ करून दे, थोडं थोडं. मधल्यांना पोटभर. मोठ्यांचं मात्र कमी कर! त्यांची वाढ केव्हाच संपलीय, आता खातील त्याची चरबीच होणार. त्यांना कोंडा घाल. ती म्हातारी सगळ्यांच्या आधी तोंड घालते, तिला वेगळी बसव. तो जाड्या दुसऱ्याचं ढकलून खातो, त्याला एक फटका दे. जी व्यायली आहे तिला मात्र हवं तेवढं खाऊ दे. आणि सगळ्यांचं खाऊन झालं की पाइप मारून जागा धुऊन घे, फार घाण करतात मेले!"

एवढं बोलून मी फोन चार्जिंगला लावला आणि शांतपणे पाळणा सजवायला घेतला.

सकाळी सासूबाई गप्प होत्या. मला वाटलं, गुडघे. चहा दिला तर म्हणाल्या, "नको. आधी तोंड घातल्यासारखं होईल." मला काही कळेना! हे नेहमीप्रमाणे ग्रुप म्यूट करून पेपर वाचत होते.

मग मंदाताई आणि भावोजी आले. भावोजी देहाने प्रशस्त. एरवी आल्या आल्या "वहिनी, काय बनवलंय?" म्हणणारा माणूस थेट बाल्कनीत जाऊन बसला.

"भावोजी, आत या ना!"

"नको, कोणाला ढकललं-बिढकललं तर? वहिनी, फटका इथेच द्या."

"फटका? कसला फटका?"

"विचारते बघ!" मंदाताई कडाडल्या. "वहिनी, माझ्या भावाच्या घरी मी कोंडा खायला आलेय का? आमची वाढ संपली म्हणे!"

पाठोपाठ बाळाला घेऊन पूजा आली. तिचे डोळे भरलेले.

"मामी, बाकी सगळं ठीक. पण मी *व्यायले*?"

माझ्या पायाखालची लादी सरकली. (ती तर आमची पक्की बसवलेली होती.) मी फोन घेतला, निरोप ऐकला. सगळ्यांनी पुन्हा ऐकला. 'मेले'पर्यंत आले तेव्हा ह्यांचा पेपर हातातून गळून पडला होता.

पण हे हुशार! पटकन म्हणाले, "अरे, हा निरोप शेळ्यांसाठी होता! बाळूच्या शेळ्या!"

खोलीत जरा हवा खेळली. मंदाताईंचा चेहरा सैल पडायला लागला. तेवढ्यात बाल्कनीतून भावोजींचा आवाज आला, "माझं लहानपण शेळ्यांत गेलं. शेळीची चरबी कमी करायला कोण बघतं? आणि शेळ्या खातात कुठे बसून, की पाइप मारायला लागतो?"

सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्यावर. हे खुणा करत होते, शेळ्या, शेळ्या! मी त्या पाळण्याच्या झालरीकडे पाहिलं आणि एकदम डोक्यात गेलं. मी काय चोरी केली होती? एवढ्या पिल्लांना जगवलं, वाढवलं, आणि माझ्याच घरात त्यांचं नाव घ्यायचं नाही?

"शेळ्या नाहीत," मी म्हटलं. "डुकरं आहेत! मी डुकरं पाळते!"

पूजाचं बाळ तेवढं हसलं. बाकी सगळे थिजले.

"आणि निरोपातला शब्द अन् शब्द खरा आहे," मी सुटलेच. "प्रत्येक वयाला वेगळं खाणं लागतं. माफी बिफी मागणार नाही मी! चुकीच्या जागी गेला, एवढंच!"

"डुकरं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे शेळ्या नाहीतच?"

"नाहीत."

"एकही नाही?"

"नाही, आई."

सासूबाईंचा हात सावकाश गुडघ्यांकडे गेला.

"मग मी इतके दिवस दूध कोणाचं प्यायले?"

त्यानंतर जे झालं ते शब्दांत मांडणं अवघड आहे. सासूबाई बेसिनकडे, मंदाताई सासूबाईंकडे, हे "आई, ते खऱ्या शेळीचं होतं, कॅम्प दोनची शेळी, देवाशपथ!" असं ओरडत दोघींच्या मागे. शेवटी ह्यांनी त्या दूधवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने बिचाऱ्याने शेळी कॅमेऱ्यासमोर उभी केली. शेळी ओरडली, तेव्हा कुठे सासूबाई खुर्चीत टेकल्या. (बारशाला बाळाच्या आधी शेळीचं दर्शन घेणारं आमचं एकमेव घर असावं.)

नेमका त्याच क्षणी बाळू पातेली घेऊन दारात आला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण. वास घरभर सुटला, पण कोणी जागचं हललं नाही.

"काय झालं ताय? कोन गेलं काय?"

माझी मघाची मिजास उतरली आणि वाटलं, लेकीसारख्या भाचीच्या बाळाचं बारसं आपण नासवलं.

तेवढ्यात पूजाने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, पाट ओढला आणि पातेल्यासमोर बसली.

"मामा, वाढा. मला हवं तेवढं द्यायचंय. मामीची ऑर्डर आहे."

ती हसायला लागली, आणि बाल्कनीतून भावोजी ताट घेऊन धावत आले. मंदाताईंनी दोन भाकऱ्या माझ्याकडे रोखून बघत खाल्ल्या. तिसरी मीच वाढली.

सासूबाई तेवढ्या माझ्याशी बोलेनात. बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी म्हणाल्या, "दाखव तुझी ती."

मी त्यांना शेडवर नेलं. त्या प्रत्येक कप्प्यासमोर थांबल्या. पिल्लांचं मऊ खाणं, मधल्यांचा मका, मोठ्यांचा कोंडा, स्वच्छ पाणी. मी मान ताठ करून सगळं समजावत होते, क्षार किती, मीठ किती, जरा जास्त पडलं तर कसा त्रास होतो.

"मीठसुद्धा तोलून घालतेस?"

"म्हणजे काय, आई! चुकून चालतच नाही."

"मग आमच्या आमटीत ते कधीच कसं नीट पडत नाही?"

मी हार मानणारी नव्हे. ठणकावून म्हटलं, "आई, इथे आजवर एकानेही तक्रार केली नाही!"

सासूबाईंनी पदर सावरला आणि परतीची वाट धरली.

"त्यांना बोलता येत नाही, सुलभा."