मावशी रडली नाही

इंदूमावशी गेल्याचा फोन वैशालीने, तिच्या लेकीने, केला तेव्हा मी खकनारला होते. शनवाऱ्यात, मावशीच्या घरी पोचेपर्यंत दारावर बाया जमल्या होत्या. तोंडावर पदर ओढून गळे काढणं चाललं होतं... ‘माझी माय वं, कशी गेली वं!’ सगळ्यांत मोठा गळा शेजारच्या मंदाकाकूंचा. मग पदर खाली आला. डोळे ठणठणीत कोरडे! मला म्हणतात, ‘चहा कोणाच्या घरून येऊन राहिला गं?’ शिसारी आली मला. महिना झाला, अजून गेलेली नाही.

कारण याच बायांनी मावशीला वाळीत टाकलं होतं, ती रडली नाही म्हणून. मावशीचा नवरा, आमचे काका, केळीच्या व्यापारातले. बाहेर साखरेसारखे गोड, घरात हात उचलायचे. मंदाकाकूंची आणि मावशीची भिंत एकच. इकडे मारायचा आवाज झाला की तिकडे टीव्ही मोठा व्हायचा. ‘नवरा-बायकोचं आहे, आपल्याले काय करायचं?’ आख्ख्या गल्लीला हे चालत होतं. काका गेले तेव्हा मावशी भिंतीला टेकून गप्प बसली. मंदाकाकूंनी तिला चिमटा काढला, ‘रड न वं, लोक पाहून राहिले.’ मावशी मोठ्यांदा म्हणाली, ‘माझं रडणं तुम्ही पयलेच ऐकलं न, भिंतीतून!’ झालं. हे मात्र कुणालाच चाललं नाही. कुणाचं येणं-जाणं नाही, बारशाचं बोलावणं नाही. वैशालीचं ठरत आलेलं लग्न अडलं. ‘जिची माय नवऱ्यासाठी रडली नाही, ती पोरगी काय नांदणार?’ वैशालीने आईचे पाय धरले, ‘तेराव्याला तरी रड गं, माझ्यासाठी...’ मावशीने तिला जवळ घेतलं. ‘मी खोटं रडली, तर त्याचा मार बी खोटा होऊन जाईन, बेटा.’ लग्न मोडलं ते मोडलंच. वैशाली कितीतरी दिवस आईशी बोलली नाही.

त्यानंतर मावशीला एक सवय लागली. गल्लीत कुठूनही मारहाणीचा आवाज आला की खिळ्यावरची पितळी थाळी काढायची आणि त्या दारासमोर उभं राहून बेलण्याने, म्हणजे लाटण्याने, बडवायची. आमच्याकडे मुलगा झाला की थाळी वाजते. कुणी खवचटपणे विचारायचं, ‘कोणाले पोरगा झाला वं?’ मावशी म्हणायची, ‘झाला न, मोठा मर्द झाला! या पाहायले!’ लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं. मारणाऱ्याचं मात्र डोकं ठिकाणावर होतं म्हणे!

मावशीच्या तेराव्याला त्याच बाया पंगतीत बसल्या. पुरणपोळीवर तुपाची धार घेत ‘इंदूबाई म्हणजे देवमाणूस’ सुरू होतं, कोपऱ्यात स्पीकरवर भजन लागलं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. मंदाकाकूंचा मुलगा पिंटू बायकोला मारत होता. ताटावरचे हात थांबले. मंदाकाकूंनी मान वर न करताच म्हटलं, ‘भजनाचा आवाज वाढवा जरासा.’ एकाने वाढवलासुद्धा! थू असल्या माणसांवर.

वैशाली उठली. आई गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, त्यावरही कुजबुज झालीच होती, ‘मायवर गेली.’ तिने खिळ्यावरची थाळी काढली, बेलणं घेतलं आणि मंदाकाकूंच्या दारासमोर जाऊन बडवायला लागली. आतला आवाज थांबला, तरी ती थांबेना. बडवता बडवता हमसाहमशी रडत होती, ‘आई... आई गं...’

मंदाकाकू पंगतीतून उष्ट्या हातानेच धावत आल्या आणि तिच्यावर खेकसल्या, ‘चूप! असं रस्त्यावर रडतात का कुठं?’