रविवारी उतरणारं पाणी

चंद्रपूरच्या एका कंपनीच्या चार मजली ऑफिसात मुखरू पंपवाला होता. जमिनीखालच्या मोठ्या टाकीतलं पाणी मोटर लावून छतावर चढवायचं, एवढंच काम. गाव आरमोरीकडचं, बाप-आजा तलावात जाळं टाकणारे. तोही पंचविशीपर्यंत मासेच धरत होता. मग मेव्हण्याने त्याला इथं चिकटवून दिलं.

पाणी दिसलं की ते कुठून आलं नि कुठं जाणार, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायको सुगंधाबाई म्हणायची, "याले पेज वाढली तरी पाणी कुठचं म्हून विचारते."

२००३च्या उन्हाळ्यात मुंबईच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं. ऑफिसमुळे निसर्गावर पडणारा भार कमी करा. वीज, कागद, पाणी, सगळं मोजा. काम आलं रंजीताकडे. ती भद्रावतीची, इंजिनिअर होऊन दोनच वर्षं झालेली. तिने कागद दोन्ही बाजूंनी वापरायला लावला, जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद करवले. महिनाभरात वीज उतरली, रद्दी निम्मी झाली. पाण्याचा आकडा मात्र हलेना. मे महिन्यात टँकर मागवावे लागत होते.

"मुखरूभाऊ, एवढं पाणी जातं कुठं?" तिने एकदा विचारलं.

"मले पण तेच कळून नाई राह्यलं, मॅडम. शनिवारी टाकी भरून जातो. रविवारी ऑफिस बंद, कूलर बंद. सोमवारी पाह्यतो तं पाणी कमरेइतकंच. अन् दर सोमवारी तेवढंच. बोटभर कमी नाई का जास्त नाई."

रंजीताचं लिहिणं थांबलं. "तेवढंच काऊन?"

"तलावाच्या बांधाले भोक पडलं का पाणी भोकापर्यंत उतरते, मंग थांबते. इथीबी कमरेच्या उंचीवर कुठी तरी भोक असंल."

"पण मिस्त्री दोनदा भिंती ठोकून गेला. त्याला भेग दिसली नाही."

"शेवाळ किती हाये! डोळ्याले कशी दिसंल? तुम्ही येत्या रविवारी या. मी गिरणीतून पिशवीभर धानाचा कोंडा आणतो."

"कोंडा? टाकीत?"

"हे बागेचं, कूलरचं पाणी. प्यायची टाकी वेगळी हाये."

रविवारी सकाळी मुखरूने टाकीत येणारं पाणी बंद केलं. पाणी निवळू दिलं, मग मूठभर कोंडा अलगद सोडला. दोघं झाकणाशी पालथी पडून, बॅटरी धरून आत पाहत राहिली. कोंडा जिथं पडला तिथंच होता. अर्धा तास गेला. रंजीता घड्याळ पाहू लागली.

"थांबा जी," मुखरू हळूच म्हणाला. "तो पाहा."

एक तूस वळलं होतं. त्याच्यामागे दुसरं. बघता बघता सगळा कोंडा उत्तरेच्या कोपऱ्याकडे सरकला आणि तिथं घोटाळत राहिला. मुखरू सदरा काढून शिडीने उतरला. खेकड्याच्या बिळात घालावा तसा त्याने शेवाळात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

"मॅडम, पाइप हाये! पाणी हात ओढून राह्यलं!"

हा पाइप कुठल्याच नकाशात नव्हता. दोघं उत्तरेच्या भिंतीमागे गेली. तिकडे जमीन खोल उतरलेली, कोणी फिरकत नसे. पाहतात तर चहूकडे जमीन करपलेली आणि मधोमध कमरेइतकं हिरवंगार गवत. चिखलात बेडूक, दोन बगळे, एक म्हैस निवांत बसलेली. म्हाताऱ्या माळ्याने, बापूरावने, उलगडा केला. इमारत बांधताना इथं कारंजं करायचं ठरलं होतं. पाइप टाकला, कारंजं राहून गेलं.

पाइपाचं तोंड बुजवलं. पुढच्या सोमवारी टाकी काठोकाठ होती. टँकर निम्मे झाले. रंजीताला आभाळ ठेंगणं झालं.

मुखरू मात्र रोज भिंतीमागे जाऊन येई. गवत पिवळं पडलं. बगळे दोन दिवस कोरड्या चिखलात उभे राहिले, तिसऱ्या दिवशी दिसले नाहीत.

"भोक बुजवलं ते बरोबरच," तो रंजीताला म्हणाला. "पण ते जीव आपल्याच पाण्यावर होते. एक सांगा, आपण हात धुतो ते पाणी कुठी जाते?"

रंजीतालाही ते माहीत नव्हतं. मग चौथ्या मजल्यापासून दोघं पाइपामागे पाइप शोधत खाली आली. ते पाणी सरळ गटारात जात होतं. मंजुरीची पत्रं लिहिण्यात पावसाळा गेला, पण दिवाळीपूर्वी हात धुण्याचं सगळं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून भिंतीमागे वळवलं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात गवत उगवलं, पहिल्याइतकं दाट नाही. बगळा एकच आला.

मुंबईला गेलेल्या अहवालात रंजीताने मुखरूचं नाव घातलं. त्यावरून कंपनीने त्याला नागपूरच्या ऑफिसात बोलावलं. तिथंही पाणी पुरत नव्हतं. त्याने दोन दिवस टाकी पाहिली, भिंतीवरून हात फिरवला. भोक नव्हतं. तिथले साहेब हसले. "खालून नाई तं पाणी वरून जात असंल," म्हणत तिसऱ्या दिवशी सकाळी मुखरूने शिडी मागवली आणि तो गच्चीवरच्या टाकीकडे चढला.