वाइंडिंग खात्यातली नवी बाई

लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर मी सासरी पुन्हा नवी झाले. एका सकाळी सासूबाईंच्या पुढ्यात चहा ठेवला, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "नवी मां गो तू? खंयसून इलंस?" आता मी कुठून येणार? गॅसपासून आले होते, चार पावलं. आमची लालबागची खोलीच तेवढी आहे.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, आणि त्यात अलीकडचं आधी जातं. तसंच झालं. नातवाचं बारसं गेलं, मुलांची लग्नं गेली, त्यांच्याबरोबर मीही गेले. उरलं ते गिरणीतलं वाइंडिंग खातं. अठराव्या वर्षी त्या तिथे लागल्या होत्या. लडीवरचं सूत कोनावर, म्हणजे निमुळत्या रिळावर, भरायचं, तुटलं की गाठ मारायची, कच्चा धागा दिसला की तोडून टाकायचा. आयुष्यातली उमेदीची वर्षं त्यांनी उभ्यानं हे काम केलं. मग गिरणी बंद झाली, आणि आता त्या जागी काचेचा टॉवर आहे. सासूबाईंच्या लेखी मात्र खातं चालू आहे, पाळी भरते आहे आणि मी त्यांच्या हाताखालची नवी बाई आहे.

मी मूळची दादरची. लग्न करून आले तेव्हा यांच्या मालवणीनं माझी तारांबळ उडायची. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "फाल्यां बांगडे हाड." मी उत्साहानं तडक बाजारात जाऊन डझनभर बांगडे आणले. फाल्यां म्हणजे उद्या, हे मला कोणी सांगितलं होतं? आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी. अख्ख्या चाळीला महिनाभर हसायला पुरलं ते.

माझं काम म्हणजे सूत. घरात एक छोटा माग आहे, दाराशी उजेडात. त्यावर पडदे, गालिचे, भिंतीवर लावायची कापडं विणते, आणि सुयांवरही विणते. लोक म्हणतात, मुंबईत स्वेटर कोण घालतं? अहो, मी स्वेटर विणतच नाही. मोठमोठी सुती कामं करते, माणसाच्या उंचीची. पोटमाळा सुतानं भरलाय, तांदळाच्या डब्यात एकदा बॉबिन निघाली होती, आणि नवरा ती काढून न बोलता बाजूला ठेवून डाळभात जेवला, एवढं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. सासूबाईंनी चांगल्या असताना माझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं नाही. मागाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्यां तर मशीन तासाभरात काढता. तू म्हयनोभर काय करतंस?" गिरणीत हयात घालवलेल्या बाईला हातमागाचं कसलं कौतुक! मला राग यायचा. पण एक सांगते, सूत कसं आहे ते त्या लांबूनच ओळखायच्या, आणि त्यांचं कधी चुकलं नाही.

आजारानंतर मात्र त्या रोज कामावर यायला लागल्या. सकाळी आंघोळ झाली की पदर खोचून माझ्यासमोर चटईवर बसायच्या, आणि मी लडी दिली नाही तर चिडायच्या. म्हणून मी रोज लडी द्यायची आणि त्या गुंडे करायच्या. काय गुंडे ते! घट्ट नाही, सैल नाही, गोल गरगरीत. माझ्या हातांना पंचवीस वर्षांत तसं जमलेलं नाही. नवऱ्याचं नाव विसरलेली ही बाई, आणि बोटं मात्र सगळं धरून होती. मधूनच मला दटावायच्या, "टोक सुटां ठेव नको गो." खात्याचा तो पहिला नियम. सुटं टोक दिसलं की वाइंडिंगवालीनं ते पकडायचं आणि भरायला घ्यायचं.

एक गोष्ट त्यांनी मला फार पूर्वी सांगितली होती, आजाराच्या कितीतरी आधी. गिरणीत बायका कमी करायला घेतल्या तेव्हा साहेब कागद घेऊन यायचे. सही घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई गेटवर अडवली जायची. सासूबाईंच्या शेजारी एक नवी मुलगी होती, वर्षभरापूर्वी लागलेली. तिच्यापुढे कागद आला तेव्हा तिनं सासूबाईंकडे पाहिलं. यांनी खाली मान घालून कोन भरणं चालू ठेवलं. "एक शब्द बोलाक नाय मी," असं म्हणाल्या होत्या, आणि उठून मोरीत तोंड धुवायला गेल्या होत्या.

तर आता मुद्द्याचं. सासूबाई घरातून निघून जायला लागल्या. पाळीची वेळ झाली म्हणून. दोनदा त्या टॉवरच्या सिक्युरिटीवाल्यानं त्यांना आणून सोडलं. भला माणूस, पण तिसऱ्यांदा तो नसला तर? माटुंग्याला राहणारे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आईला आता संस्थेत ठेवू या. चांगली जागा बघून ठेवलीये मी." दुरून डोंगर साजरे! पण त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. नवरा म्हणाला, "दिवसभर तू घरी असतेस, तूच ठरव." वा रे वा. आई यांची, आणि ठरवायचं मी. मी म्हटलं, हातातलं काम पुरं होऊ दे, मग बोलू.

हातातलं काम साधं नव्हतं. एका मोठ्या ऑफिसच्या भिंतीसाठी सुयांवर विणलेला सुती पट, काळ्यापासून राखाडी होत होत पांढऱ्यापर्यंत जाणारा, उंचीला माझ्याहून हातभर जास्त. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि चार महिने मी त्याला जुंपलेली होते. पण पट लटकवला की एका बाजूला ओढायचा. का, ते कळेना. टाके मोजले, सुया बदलल्या, पाणी मारून ताणून ठेवला, काही उपयोग नाही. शेवटी एका मंगळवारी सगळे टाके सुयांवरून उतरवून दोऱ्यावर घेतले, पट पलंगावर पसरला आणि दादरला सूत आणायला गेले. शेजारच्या काकींना म्हटलं, दाराला बाहेरून कडी घालते, जरा लक्ष असू द्या. कडी घातली. पटाचं टोक मात्र सुटं राहिलं.

अडीच तासांनी परत आले. कडी काढली, आत पाहिलं. पलंग रिकामा. चटईवर गुंड्यांच्या ओळी लागलेल्या, आणि सासूबाई त्यांच्यामध्ये बसलेल्या, कपाळावर घाम, चेहऱ्यावर समाधान. "पाळी भरली गो," म्हणाल्या. "लय माल होतो आज."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायला हात धजत नाही. म्हातारीच्या तोंडावर, आजारी बाईच्या तोंडावर, मी म्हटलं की तुम्ही माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत. त्या घाबरून भिंतीला टेकल्या. काकी धावत आल्या, मला गॅलरीत घेऊन गेल्या. समोर मिरच्या कांडायचं यंत्र चालू होतं, हवेत सगळा ठसका, त्यामुळे रडण्याला कारण द्यावं लागलं नाही. तिथूनच मी दिरांना फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, रविवारी या आणि कागद घेऊन या. मी सही करते."

दुसऱ्या दिवशी नाइलाजानं गुंडे आवरायला घेतले. काळे एका ओळीत होते, पांढरे एका ओळीत, आणि राखाडी मात्र दोन ओळींत. मला वाटलं, मनाला येईल तसे ठेवले असतील. रंग तर एकच होता, दुकानही एकच. सहज दोन ओळींतला एकेक धागा चिमटीत घेऊन चोळला. मग डोळे मिटून पुन्हा चोळला. एक सूत दुसऱ्यापेक्षा बारीक होतं. जरासंच, पण होतं! दुकानदारानं दोन जातींचं सूत एकत्र बांधून दिलं होतं, आणि पंचवीस वर्षांचा अनुभव मिरवणाऱ्या मला चार महिन्यांत ते कळलं नव्हतं. पट ओढायचा तो ह्याच्यामुळे. आणि या बाईनं उसवता उसवता, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, नुसत्या बोटांनी ते वेगळं करून ठेवलं होतं.

तेवढ्यावर थांबलं नव्हतं. मी गुंडा उलगडत गेले तर माझ्या गाठी सापडेनात. माझ्या गाठी ढोबळ असतात, मागच्या बाजूला लपवते मी. त्या सगळ्या त्यांनी कापून टाकल्या होत्या आणि स्वतःच्या मारल्या होत्या. कच्चा, पीळ सुटलेला धागा जिथे जिथे होता तिथे तो तोडून पुन्हा सांधला होता. बोट फिरवलं तरी गाठ हाताला लागत नव्हती. माझं सूत त्यांनी मला धुवून पुसून परत केलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून गुपचूप त्यांच्यासाठी चहा टाकला.

चहा दिला आणि समोर बसले. म्हटलं, "बाय, ती गाठ मला दाखवता का?" आई म्हटलं असतं तर कळलं नसतं त्यांना. त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. कालचं ओरडणं कुठेतरी राहिलं असावं. मग माझा डावा हात ओढून घेतला, दोन टोकं अंगठ्यावर आडवी धरली, एक वेढा, एक ओढ, झाली गाठ. मला दिसलंसुद्धा नाही. "परत," मी म्हटलं. पुन्हा केली. माझी सुटली. "असां न्हय गो," म्हणाल्या आणि माझ्या बोटावर चापटी मारली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हेच चाललं. पन्नाशीची मी, दुपारभर चापट्या खात होते. शनिवारी माझी एक गाठ टिकली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली, हं केलं आणि पुढची लडी घेतली. त्या हं वर मी दिवसभर तरंगत होते.

ऑफिसला फोन करून मुदत वाढवून घेतली आणि पट पुन्हा टाके घालून सुरू केला. एकाच ओळीतल्या राखाडीचा वीतभर तुकडाही विणून लटकवून पाहिला. सरळ!

पण रविवार आला. आणि खरं सांगायचं तर मी दिरांना नको म्हणून कळवलं नव्हतं. गाठी सुंदर असतील, पण कडी घालून बाहेर जायचं किती दिवस? तिसऱ्यांदा त्या निघून गेल्या तर? मी काम करायचं की पहारा करायचा? मनात म्हणत होते, तिथे नर्स आहेत, बाग आहे. मला सुटकाही हवी होती, हे कशाला लपवू.

दीर आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात फाइल. आईच्या पायांना हात लावला, तर त्यांनी पाय आखडून घेतले आणि पदर सावरून उभ्याच राहिल्या. पोटचा मुलगा, ओळखला नाही. दिरांचा चेहरा उतरला. मग नवऱ्यानं सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सांभाळणाऱ्याची पण लागते," दीर म्हणाले आणि त्यांनी मला पेन दिलं.

मी पेन घेतलं. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. माझ्या आणि दिरांच्या मध्ये उभ्या राहिल्या, दोन्ही हात जोडलेले.

"साहेब," त्या स्वतःच्या मुलाला म्हणाल्या, "हिका काढू नकात."

दीर फाइल हातात धरून एक पाऊल मागे सरले.

"नवी आसा ती. हात बसाक वेळ लागता. सूत वायट इलां, हिची चूक नाय." मग आवाज चढला, कधी ऐकला नव्हता एवढा. "मी शिकयतंय हिका. काढूचा झाला तर माका काढा. हिची सही घेव नकात!"

दीर खाली बसले आणि त्यांनी तोंड हातात झाकलं. नवऱ्यानं माझ्यापुढचा कागद काढून घेतला. मी धरूनही ठेवला नव्हता. मला हुंदका आवरेना. जिला मी घालवायला निघाले होते, ती माझी नोकरी वाचवायला उभी होती.

"मी काय करू सांगा, वहिनी," दीर म्हणाले. मी म्हटलं, "आठवड्यातून दोन दिवस तुम्ही इथे येऊन बसा, आणि एक बाई लावू दिवसाची. बाकी मी बघते." ते हो म्हणाले आणि नवऱ्याच्या हातातला कागद घेऊन फाडायला लागले. येतात अजून.

सासूबाईंना यातलं काहीच कळलं नाही. साहेब कागद फाडतोय एवढं त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या, पदरानं माझे डोळे पुसले आणि हळूच, साहेबाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "घाबरू नको गो. फाल्यां येळार ये."

मी म्हटलं, "वेळेवर येते."