तेविसावी कोंबडी

या ग्रुपवरचे अनुभव मी गेली दोन वर्षं नेमाने वाचते आणि निम्म्यांवर मनातल्या मनात लाल शाई फिरवते. सवय, दुसरं काय. कर्वेनगरच्या एका शाळेत मी तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. 'बाई, लॅबमध्ये भूत आहे' म्हणणाऱ्या मुलींना मी भुताचं वजन, उंची आणि निरीक्षणाची वेळ वहीत लिहून आणायला सांगायचे. तेव्हा अशा गोष्टींवर माझा विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. आजही 'आहे' म्हणताना जीभ अडते... पण घडलं ते घडलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पासष्टची होते — म्हणजे तरुणच, आणि तरुणपणी असतो तेवढा शहाणपणा अंगात ठासून भरलेला.

खराडीत नदीच्या अंगाला माझ्या धाकट्या जावेची, मंगलची, नऊ गुंठे जागा आहे. समोर आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती. दुपारी त्यांच्या काचांवरचं ऊन हिच्या अंगणात येऊन पडतं. मधोमध दोन खोल्यांचं घर, एक खुराडं, तीन शेळ्या आणि गावरान कोंबड्या. दीर गेल्यापासून ती तिथे एकटीच. मुलगा हिंजवडीला फ्लॅटमध्ये राहतो, ये म्हणतो. ही त्याला विचारते, "माज्या कोंबड्यांना लिफ्टात घेत्यात का रं?"

दिवाळीनंतर भटक्या कुत्र्यांनी आठवड्यात नऊ कोंबड्या नेल्या. उरल्या बावीस. मंगल जेवेना. मग मी पदर खोचला आणि जाहीर केलं — झटका मशीन बसवायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सोलर पॅनेलवर बॅटरी चार्ज होते, बॅटरीवर मशीन चालतं, आणि ते साधारण सेकंदाला एकदा तारेत झटका सोडतं. झटका जोरदार, पण क्षणभराचा. जनावर पळतं, मरत नाही. (घरातली लाइन सरळ तारेला जोडणारे महाभाग असतात. तसं अजिबात करू नका, त्यात माणूस जातो.) मशीन चालू असलं की त्यातून 'टक्... टक्...' असा आवाज येत राहतो. तारेला काही टेकलं की तो आवाज बसका होतो, आणि जिथे टेकलं तिथे 'चट्' ऐकू येतं.

सगळं मी उभं राहून करून घेतलं. चार पदरी तार, सगळ्यात खालची जमिनीपासून वीतभर. प्रत्येक खांबाला इन्सुलेटर. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा, वर रोज बादलीभर पाणी. तारेला झटका मोजायचा टेस्टर लावला तर त्यावरचे पाचही दिवे लागले. मी अशी उभी होते, जणू विजेचा शोध मीच लावला होता.

फाटकाची तार अडकवणार, तेवढ्यात मंगल म्हणाली, "ताई, आजच्या दिस येक बाजू उघडी ठिवू."

"का? कुत्र्यांना उद्घाटनाला बोलवायचंय?"

"तसं न्हाई वो. नवं कुंपण घातलं का पयल्या दिशी येक बाजू मोकळी सोडत्यात. आत जे काय असंल त्याला भायेर जायला वाट. आपल्या सासूबाईबी करायच्या."

"आत काय असणार?"

"साप, मुंगूस... काय बी."

"साप तारेखालून जातो मंगल. त्याला फाटक लागत नाही." आणि मी हुक अडकवला. टक्... टक्...

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन.

"ताई, तेवीस हायेत."

"काय तेवीस?"

"कोंबड्या."

"अगं वा. एक पाहुणी आली. ठेवून घे."

"येईल कुठनं? तार चालू हाय. आन सकाळी सोडल्या तवा बावीसच."

दुसऱ्या दिवशी मी बस पकडून खराडीला गेले, तिला आकडे शिकवायला. मंगलची मोजायची पद्धत अशी : कोंबड्या खुराड्यात शिरून बांबूवर ओळीनं बसल्या की ती दारातून खांद्यापर्यंत हात घालते आणि एकेकीच्या पाठीला हात लावत जाते. मी आधी मोबाइलचा टॉर्च मारून मोजल्या. बावीस. "बघ," म्हटलं.

"हातानं मोजा," ती म्हणाली.

मी हात घातला. ऊबदार पाठी, प्रत्येक पाठीखाली धकधक. वीस, एकवीस, बावीस... आणि भिंतीकडे आणखी एक. पिसं होती. पण थंड. आणि पिसांखाली काहीच हलत नव्हतं.

मी हात काढला, पुन्हा टॉर्च मारला. भिंतीकडचा बांबू रिकामा.

माझ्या शास्त्रीय बुद्धीनं तिथल्या तिथे निष्कर्ष काढला की मी भिंतीला कोंबडी समजले. चुन्याच्या भिंतीला पिसं कधीपासून यायला लागली, हा उपप्रश्न मी सोडून दिला. मुलींनी असा प्रयोग लिहिला असता तर मी वही फेकली असती.

ओट्यावर येऊन बसलो. दिवेलागणीची वेळ, समोरच्या इमारतींमधले दिवे नुकते लागलेले. मशीनचा आवाज अचानक बसका झाला. गवत टेकलं असेल म्हणावं तर पौष महिना, सगळं कोरडं ठणठणीत. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात 'चट्' वाजलं. मग त्याच्या पुढच्या खांबाशी 'चट्'. मग त्याच्या पुढच्या. एका खांबावरून दुसऱ्याकडे, सावकाश, कुंपणाच्या कडेकडेनं... तारेजवळ तर काहीच दिसत नव्हतं. पण तिन्ही शेळ्यांच्या माना त्या आवाजाबरोबर वळत होत्या. तिघींच्या एकाच वेळी.

"रोज आसंच," मंगल हळू म्हणाली. "वाट बघतंय कुठं मिळती का."

मला तेव्हा कळायला हवं होतं. आवाज आतल्या बाजूनं चालला होता. आम्ही तार लावली ती बाहेरच्याला अडवायला... आणि जे होतं ते आतच राहिलं होतं. मंगलही आतच राहत होती, एकटी.

"फाटक उघडू या ना ताई. येकदाच."

आणि मी काय करावं? "मशीन कमी पडतंय," असं म्हणाले. दोन दिवसांत दुप्पट ताकदीचं मशीन आणून बसवलं. माझ्या त्या वेळच्या अकलेचा एखाद्या म्युझियमनं ताबा घ्यायला हवा होता.

नवं मशीन लावलं त्याच दिवशी मी मुक्कामाला राहिले. ओट्यावरच्या मशीनची टक्-टक् आता पार फाटकापर्यंत स्पष्ट ऐकू येत होती. ऊन उतरलं, कोंबड्या आत गेल्या. मंगल खुराड्यापाशी उकिडवी बसून मोजत होती, मी शेळ्यांना पाला टाकत होते. बराच वेळ झाला तरी ती उठेना.

"झालं का गं?"

मी जवळ गेले. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत आत. चेहरा पांढरा. ओठ हलत होते.

"ताई, वढू नका. माजा हात धरलाय."

"कुणी?"

"तेविसावीनं."

मी तिच्या कमरेला धरून ओढलं. ती कळवळली आणि उलट आणखी आत गेली. गाल खुराड्याच्या फळीला टेकला. आत बावीस कोंबड्या, पण एकीचा आवाज नाही.

त्या क्षणी माझी सगळी अक्कल संपली, आणि त्यामुळेच बहुधा मी आयुष्यात प्रथम एक शहाणपणाची गोष्ट केली. धावत जाऊन मशीन बंद केलं. बॅटरीच्या वायरी काढून हातात घेतल्या. टक्-टक् थांबली.

आणि मागच्या कोपऱ्यात वाजलं — चट्.

वायरी माझ्या हातात होत्या. तारेत काही असणं शक्य नव्हतं. चट्... पुढच्या खांबाशी. चट्... आता भराभर. मी फाटकाशी गेले, प्लास्टिकची मूठ धरून हुक काढला आणि तार बाजूला ओढून उभी राहिले. तोंडातून शब्द निघाले ते असे : "जा बाबा. वाट मोकळी आहे. चूक माझी आहे."

शेवटचं 'चट्' माझ्या हातभर अंतरावरच्या खांबाशी झालं. शेळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. किती वेळ, सांगता येत नाही. मग त्या माना माझ्या उजवीकडून डावीकडे गेल्या, फाटकाबाहेर. रस्त्यावर चार कुत्री पसरली होती, कोंबड्या नेणारीच ती. ती उठली, शेपट्या पोटाखाली घेऊन रस्त्याच्या कडेला सरकली. मधून एखादी बैलगाडी जावी तेवढी जागा त्यांनी दिली. गाडीबिडी काही नव्हतं.

मागून मंगलचा आवाज आला, "सुटला."

हातावर वळ नाही, ओरखडा नाही. आत टॉर्च मारला. बावीस. हातानं मोजायला तिनं मला सांगितलं. मी मोजल्या... बावीस. सगळ्या ऊबदार.

रात्रभर फाटक उघडं ठेवलं. एकही कोंबडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी मशीन परत चालू केलं, कारण कुत्री शेवटी कुत्रीच. त्यानंतर आजवर आकडा कधी चुकला नाही. मंगल तिथेच राहते, जेवते-खाते, मुलाला टोमणे मारते.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. दोन म्हाताऱ्या घाबरल्या, म्हणून सोडून दिलं असतं.

महिन्याभरानं मी गेले, तर मंगल कोपऱ्यातली सैल झालेली तार आवळत होती. उजव्या हातानं, उघड्या. ओट्यावर टक्-टक् चालू.

"मंगल, मशीन चालूय."

"म्हाईत हाय," ती वळून न बघता म्हणाली. "या हाताला लागत न्हाई."

मी टेस्टर लावला. पाचही दिवे. तिला डाव्या हाताचं बोट टेकवायला सांगितलं — कोपरापर्यंत हात उडाला, मला दोन शिव्या बसल्या. उजव्यात तार धरून ती पानाचा विडा धरावा तशी उभी. डॉक्टरांना दाखवलं. सुई टोचली तर कळते, बर्फ कळतो, चहाचा चटका कळतो. नसा उत्तम आहेत म्हणाले, आणि मला जरा आराम करायचा सल्ला दिला.

इथे कुणी इलेक्ट्रिकलवाले असतील तर त्यांनी जरूर सांगावं. मी सहा वर्षं पुस्तकं उलटतेय, मला उत्तर मिळालेलं नाही. मंगलला ते नकोच आहे.

त्या संध्याकाळी तिचा हात सुटला, असं आम्ही दोघी धरून चाललो आहोत. पण ती तो हात माझ्या पाठीवर ठेवते ना, प्रेमानं... तेव्हा पातळावरूनही मला तो थंड लागतो. मी तिला हे अजून सांगितलेलं नाही.