हो सर, जरासा

खांबाला खांब हे नाव माझ्या बाबांनी दिलं. कॉलेजच्या फुटबॉल संघात तो मागे, गोलच्या पुढ्यात खेळायचा. पहिल्याच सामन्यात समोरचा गडी त्याला वळसा घालून आरामात निघून गेला, तरी हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. पुढे तो चांगला खेळायला लागला, पेपरात एकदा फोटोही आला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याची आईसुद्धा फोन करून विचारायची, "आमचा खांब आहे का गं तिकडे?"

बाबा त्या संघाचे प्रशिक्षक. त्यांचं सगळं शिकवणं एका शब्दात मावायचं: पुन्हा. किक चुकली की पुन्हा. जमली तरी, "पुन्हा. आता नशिबाने नको, पायाने मार." पोरं त्यांच्या पाठीमागे नकला करायची. खांबाची नक्कल सगळ्यांत हुबेहूब, आणि सरावानंतर मैदान सगळ्यांत उशिरा सोडणाराही तोच.

कॉलेज संपलं तसं फुटबॉलही संपलं. कुठल्याच मोठ्या संघाने त्याला विचारलं नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाकडे तो वायरी गुंडाळायला लागला, मग कॅमेरा धरायला लागला, मग कारखान्यांसाठी फिल्म करायला लागला. शिडीवर कसं चढावं, हेल्मेट का घालावं, असल्या. त्यातल्या एका फिल्ममध्ये शिडीवरून धाडकन पडणारा माणूस तो स्वतःच आहे, कारण पडायला दुसरं कोणी तयार होईना. तरी ओळख करून देताना मान ताठ करून सांगायचा, "मी फिल्ममेकर." आम्ही हसू दाबायचो.

मग बाबांची उजवी बाजू गेली. ज्या पायाने त्यांनी इतक्या पोरांना किक शिकवली, नेमका तोच पाय. महिनोन्‌महिने व्यायाम करून ते वॉकर धरून चालायला लागले, पण वॉकर सोडायला धजेनात. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पायात ताकद आलीय हो. भीतीच जात नाहीये. आता नाही सोडला, तर तो वॉकर जन्माचा सोबती होईल."

अशात खांब आला. "सर, तुमच्यावर फिल्म करायचीय. माझी स्वतःची, पहिली." बाबा चक्क लाजले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "जरा दाढी करून दे गं." आजारपणात त्यांनी आरसा मागितला नव्हता, तो त्या दिवशी मागितला. तेवढ्यासाठी मी माझ्या स्वयंपाकघरातून गेलेल्या त्याच्या सगळ्या वायरी सहन केल्या.

एका दुपारी मी ओट्यापाशी भांडी पुसत होते. खांब खुर्चीत कॅमेरा मांडीवर घेऊन बसला होता. बाबा पलंगावरून उठले, वॉकरकडे हात नेला, आणि काय मनात आलं कोण जाणे, हात मागे घेतला. खांब ताडकन उठला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. बाबा पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आले. एकटे. चौकट धरून माझ्याकडे बघून हसले. माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं आणि मी रडायला लागले.

खांबाने कॅमेरा बंद करायला बटण दाबलं, आणि लाल दिवा लागला. मांडीवर असतानाच कधीतरी त्याचा अंगठा पडून कॅमेरा चालू झाला होता. त्यामुळे ऐन वेळी दाबलं तेव्हा तो बंद झाला, आणि आता सगळं उरकल्यावर चालू. हे मला पुढे कळलं. तेव्हा दिसला तो त्याचा उतरलेला चेहरा.

"सर," तो म्हणाला, "पुन्हा एकदा?"

"अरे, दमलेत ते!" मी म्हटलं.

बाबांचं हसू मावळलं. "का रे, काय चुकलं? माझा पाय ओढला गेला का?"

खांब आपल्या बुटांकडे बघत होता. "हो सर," तो म्हणाला, "जरासा."

बाबांनी मान डोलावली. शिकणाऱ्या पोराने डोलवावी तशी. वॉकर घेऊन पलंगापर्यंत गेले, वॉकर सोडला आणि पुन्हा निघाले, सगळं लक्ष त्या पायाकडे लावून. अर्ध्या वाटेत कोसळले. मी धावले. खांब कॅमेरा डोळ्याला लावून जागच्या जागी उभा.

हाड मोडलं नाही. पण बाबांनी त्यानंतर वॉकर सोडलाच नाही. मी कितीही विनवलं, तरी म्हणायचे, "खांबाची नजर आहे बाई. त्याने बघितलंय, पाय ओढतो." आणि तो खांब तोंड लपवून बसलेला. त्याची आई सांगायची, जेवायलाही खोलीबाहेर येत नाही. मला दया आली नाही. माझ्या बाबांना पाडून हा घरात बसून राहिला, याचाच संताप होता.

एका सकाळी तो दारात उभा राहिला. कॅमेरा नव्हता, नुसता लॅपटॉप. माझ्याशी न बोलता तो बाबांसमोर जमिनीवर बसला आणि त्या दुपारचं चित्रण लावलं. पडद्यावर आमच्या फरश्या, त्याचे बूट आणि आवाज. बाबांचा, "माझा पाय ओढला गेला का?" मग त्याचा. "हो सर, जरासा."

"पाय ओढला नव्हता, सर," तो पुटपुटला. "बटण मी चुकवलं. खोटं बोललो."

"पुन्हा," बाबा म्हणाले.

"सर?"

"पुन्हा सांग. बुटांकडे बघून नको."

खांबाने मान वर केली. "मी खोटं बोललो, सर. तुम्ही बरोबर चालला होता."

"म्हणजे चाललो होतो मी."

"हो सर."

"आणि ते तुझ्या कॅमेऱ्यात नाही."

"नाही सर."

बाबांनी डाव्या हाताने वॉकर त्याच्याकडे ढकलला. "हा बाहेर ठेवून ये."

खांब वॉकर उचलून घेऊन गेला, तो परत येईना. मी डोकावले. वॉकर छातीशी धरून, जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून तो हमसून हमसून रडत होता. शरमेने त्याला आत यायचा धीर होत नव्हता. मी हाक मारणार, तेवढ्यात माझ्या मागे पलंग करकरला.

बाबा माझ्या शेजारून गेले. भिंतीला हात न लावता, दार ओलांडून, थेट त्याच्यापाशी. त्याच्या खांद्यावर हात पडला तेव्हाच तो वळला.

याही वेळी बाबांचं चालणं त्याच्याकडून निसटलं होतं.