मेहुण्याच्या बोटीतली दीड हात जागा

"दाजी, दीड हात जागा हाय. निवांत बसंल," मेहुणा फोनवर म्हणाला.

"कोणाचा हात?"

"कोनाचा म्हंजे? हात म्हंजे हात."

फोन तिथेच ठेवून द्यावासा वाटला. पण बायको समोर बसली होती आणि विषय तिच्या धाकट्या भावाच्या बोटीचा होता.

चाकणजवळच्या महाळुंग्यात माझं छोटं शेड आहे. जनरेटरचे रेडिएटर, कॉम्प्रेसरचे कूलर, म्हणजे थोडक्यात तापलेल्या वस्तू गार करणारी सामग्री आम्ही बनवतो. मेहुणा चऱ्होलीचा. शेतात इमारती उभ्या राहिल्यावर त्याने आधी मंगल कार्यालय चालवून पाहिलं, मग पाण्याचे टँकर. तेवढ्यानं भागेना म्हणून कोकणात पर्यटकांना फिरवायला एक जुनी मोटारबोट घेतली. तोवर या माणसाचा समुद्राशी संबंध सुट्टीत पाय भिजवण्यापुरता होता.

बोटीचं इंजिन जुन्या पद्धतीचं. समुद्राचं पाणी ओढायचं, थेट इंजिनाच्या पोटात फिरवायचं आणि परत बाहेर सोडायचं. पाणी फुकट, पण खारं. बंबाला आतून जसा क्षार धरतो तसा इंजिनात धरतो, वाटा बुजतात आणि इंजिन तापतं. हे मी त्याला बोट घेतानाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "समुद्रात काय पान्याला तोटा हाय का, दाजी?"

मग मे महिन्यात बायको आणि सासूबाई त्याच बोटीत बसल्या, हाकायला मेहुणा. किनाऱ्यापासून बरंच आत गेल्यावर मागच्या सीटखालून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. बोट खडकांच्या दिशेने सरकू लागली. सासूबाई डोळे मिटून बसल्या. बायको ओरडत राहिली. शेवटी मासेमारीच्या एका होडीने दोर टाकून ओढत आणलं. घरी आल्यावर बायकोने आधी अंघोळ केली, मग चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "अहो, तुम्ही दुनियेची इंजिनं गार करता. याचं काहीतरी करा, नाहीतर मी ती बोट पेटवून येते."

उपाय मला माहीत होता. इंजिनात गाडीसारखंच गोडं पाणी आणि कूलंट भरायचं आणि ते आतल्या आत फिरवत ठेवायचं. समुद्राचं पाणी वेगळ्या नळ्यांतून शेजारून न्यायचं, म्हणजे ते उष्णता घेऊन जातं आणि मीठ इंजिनाला शिवत नाही. दोन्ही पाण्यांची न मिसळता भेट होते ती हीट एक्स्चेंजरमध्ये. लांबट नळकांडं, आत बारीक नळ्या. आम्ही तेच बनवतो. अवघड काही नव्हतं, जागा सोडली तर.

मी त्याला टेपने मोजायला सांगितलं. त्याने टेपचा फोटो पाठवला, त्यात टेपची सुरुवात कुठेच दिसत नव्हती. तरी त्याच्या मापावर भरवसा ठेवून आम्ही नळकांडं बनवलं. पावसाळ्यात तिकडे बोटी बंद असतात, तेव्हा तो ट्रेलरवर बोट घेऊन आला. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मधे ती अर्धा दिवस अडकली. तिथून त्याने मला कितीतरी फोन केले, जणू ट्रॅफिक मी सोडतोय.

बोट शेडमध्ये मावेना. निम्मी आत, निम्मी रस्त्यावर. शेजारच्या, पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या प्रेसशॉपचा मालक रोज येता-जाता विचारायचा, "राव, महाळुंग्यात पूर येणारे का? आधी सांगा, आम्हीपण होड्या घेतो." पहिल्या दिवशी मी हसलो. शिफ्ट सुटली की कामगार बोटीपुढे उभे राहून सेल्फी काढत आणि त्यांच्या मागे ट्रक हॉर्न वाजवत उभे.

सीट उचलली आणि आत पाहिलं. इंजिन पेटीत असं बसवलेलं की भिंत आणि इंजिनामध्ये माझा पंजा जेमतेम जात होता. दीड हात सोडा, वीतभर जागा धड नव्हती.

"हे तू कुठे मोजलंस?"

"वरून," मेहुणा म्हणाला. "झाकनाचं माप हाय ते."

माझा वेल्डर लातूरकडचा, कमी बोलणारा. त्याने नवंकोरं नळकांडं उचललं आणि मुकाट्याने कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

मी पुठ्ठ्याची नळकांडी करून पेटीत बसवून पाहू लागलो. पालथं पडायचं, एक हात खाली घालायचा आणि गालाला डिझेल लागेपर्यंत चाचपडायचं. लांब एकाऐवजी दोन आखूड नळकांडी, इंजिनाच्या दोन बाजूंना, पाइपने एकमेकांना जोडलेली, असं जमेलसं दिसलं. पुठ्ठ्याची छान बसली. खरी बसवली तर होजपाइपला वळायला जागा उरेना. पुठ्ठ्याला पाइप जोडायचे असतात हे मी विसरलो होतो. तोंडं तिरकी करून पुन्हा वेल्डिंग केलं. मग सगळं बसलं. मी कंबर सरळ केली आणि वेल्डर म्हणाला, "सर, ऑइल फिल्टर कसा काढायचा आता?"

एक नळकांडं त्याच्या बरोबर समोर आलं होतं. पुन्हा सगळं सोडवलं. माझ्या बोटांची सालं निघाली होती. मेहुणा ट्रेलरवर बसून वडापाव खात होता. "दाजी, एवढं मोठं इंजिन, त्याला एवढं काय अवघड?" मी पाना खाली ठेवला आणि शेडबाहेर जाऊन उभा राहिलो. पाऊस होता, तरी उभा राहिलो.

शेवटी आतला क्षार धुऊन काढला, कूलंट भरलं, समुद्राच्या जागी पाण्याचं पिंप ठेवलं आणि इंजिन चालू केलं. थोडा वेळ तापमानाचा काटा शहाण्यासारखा राहिला. मग वर वर चढत लाल पट्टीत गेला. इंजिनाच्या डोक्यात हवा अडकत होती. ती बाहेर पडायला कूलंटची टाकी इंजिनापेक्षा उंचावर हवी आणि पेटीत इंजिनाच्या वर होतं फक्त झाकण. उंच अशी एकच जागा होती, सीटच्या पाठीमागे. तिथे मेहुण्याने निळ्या दिव्यांचा मोठा स्पीकर बसवला होता.

"त्याला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "गानी न्हाईत तर गिऱ्हाईक बसतंय व्हय?"

"आणि वाफ निघाली तर बसतंय?"

"टाकी दुसरीकडं लावा की!"

"कुठे? तुझ्या डोक्यावर?"

आवाज इतका चढला की प्रेसशॉपचा मालक चहाचा ग्लास घेऊन दारात येऊन उभा राहिला. मेहुणा म्हणाला, बोट अशीच घेऊन जातो. मी म्हणालो, खुशाल जा. त्याने खरंच ट्रेलरचे पट्टे आवळायला घेतले. मी बायकोला फोन लावला, स्पीकरचं सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो आधी "आक्का, तसं न्हाई" म्हणत होता. मग नुसता ऐकत राहिला आणि हळूच खाली बसला. फोन परत देताना त्याचा चेहरा उतरला होता. "आई अजून रात्री दचकून उठती म्हनं," तो म्हणाला. "मला कुनी सांगितलंच न्हाई." त्याने स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्पीकर काढला. मी टाकी उचलून आणली.

टाकी वर बसली, हवा निघून गेली. पिंपातलं पाणी कोमट होईपर्यंत इंजिन चालवलं, मग पिंपात गार पाणी सोडून परत चालवलं. काटा हलला नाही.

दिवाळीनंतर आम्ही कोकणात गेलो. सासूबाईंनी यायला साफ नकार दिला. बायको किनाऱ्यावर बराच वेळ उभी राहिली, मग साडी खोचून बोटीत चढली. तिने सीटची कड दोन्ही हातांनी धरली होती. मेहुणा एरवी बडबड्या, पण त्या दिवशी बोट हळू हाकत होता आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बहिणीकडे बघत होता. खडक मागे पडले. ज्या जागी मे महिन्यात इंजिन बंद पडलं होतं ती त्याने हाताने दाखवली नाही, पण दोघा भावंडांच्या चेहऱ्यांवरून मलाही कळली. बायकोने एक हात सोडला.

मी सगळा वेळ काट्याकडे बघत होतो.

"अहो, जरा वर बघा," ती म्हणाली. "एवढं आलोय तर समुद्र तरी बघा."

मी वर पाहिलं. ऊन फार होतं, डोळे दिपले. मेहुण्याने विचारलं, "आक्का, आजून पुढं घिऊ?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "घे. पण हळू."