बाराजणींची ओळ

मुलुंड पूर्वेच्या मैदानावर दर डिसेंबरात मुलामुलींची खो-खो स्पर्धा भरते. ती चालवणारे सगळे हौशी, कुणाला छदाम मिळत नाही. अकरा वर्षांत पंच बदलले, अध्यक्ष बदलले, पण संघांची नावनोंदणी मात्र कुंदाताई गुप्त्यांकडेच राहिली. टेलिफोन खात्यात उभी हयात गेलेली ही बुटकी, सडपातळ बाई. आवाज मऊ, नियम कडक.

त्यांची पद्धत ठरलेली होती. संघ आला की खेळाडूंची नावं वहीत पेन्सिलीने लिहायची. प्रत्येकाचा मूळ जन्मदाखला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की त्याच नावांवर शाई फिरवायची. झेरॉक्स चालत नसे, मोबाइलवरचा फोटोही नाही. शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, सगळ्यांदेखत, जे पेन्सिलीत राहिलं असेल ते खोडून टाकायचं. चौदा वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेले पोरगे घुसवायची चाल त्यामुळे कायमची बंद पडली. पोरं त्यांच्यामागे म्हणत, कुंदाताईंनी घड्याळ गिळलंय.

यंदाचा रविवार उरकला, सोमवारी ड्रॉ लागला. बुधवारी सकाळी त्या कोथिंबीर निवडत असताना अंबादास सरवदेचा फोन आला. अंबादास मुलुंडच्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारायच्या कामावर आणि सुट्टीच्या वेळात भांडुपच्या डोंगरउतारावरच्या आपल्या वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवणारा.

"ताई, आमची मॅच कधी आहे हो? ग्रुपवर ड्रॉचा फोटो टाकलाय तो कोणत्या शहाण्याने काढलाय काय माहीत, एक अक्षर लागत नाही. आमची शीतल सकाळपासून डोकं खातेय."

कुंदाताई म्हणाल्या, बघून सांगते. हात पुसून त्यांनी वही उघडली. मुलींच्या गटात आठ संघ होते, आठही शाईत. त्यांच्याखाली एक जागा मोकळी होती. वही उजेडाकडे तिरकी धरल्यावर कागदावर पेन्सिलीचे दाबलेले वण दिसले. बारा नावं. पहिलं शीतल सरवदे.

त्यांनी वही पुन्हा तिरकी धरून नावं मोजली.

सगळं आठवलं, आणि तेही लख्ख. आदल्या गुरुवारी त्या डोळे तपासायला गेल्या होत्या. अंबादासने फाइल आणून बाकावरच बाराही दाखले दाखवले होते. त्यांनी एकेक वाचला, तारखा बोटांवर मोजल्या आणि म्हणाल्या, "झालं, तुमचं काम झालं. वही घरी आहे, गेल्यावर शाई करते." मग आत बोलावणं आलं, डोळ्यांत थेंब पडले आणि संध्याकाळपर्यंत अक्षरं पाण्यात तरंगत राहिली. शाई राहिली ती राहिलीच. रविवारी तरी लक्षात यायचं. पण नेमक्या सहाला त्यांनी खोडायला घेतलं आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मुलांचा आणि मुलींचा असे दोन संघ आणणारी शर्मिष्ठा धापा टाकत आली. तिच्या मुलांच्या संघाचे दाखले घरी राहिले होते, ते घेऊन ती धावत आली होती, आणि तिची ओळ तोवर पुसली गेली होती. ती भांडत राहिली, कुंदाताई उत्तरं देत राहिल्या, आणि हात आपला खोडत राहिला. काय खोडतोय ते डोळ्यांनी पाहिलंच नाही.

अंबादासच्या संघाचं तेव्हा कुणी मैदानावर नव्हतं. कशाला असेल? त्यांचं काम झालं होतं.

अर्धवट निवडलेली कोथिंबीर तशीच राहिली. डोकं चालेनासं झालं की काय, ही एक भीती. शर्मिष्ठासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, ही दुसरी. पण सगळ्यांत जास्त घाबरवलं ते तिसऱ्याच गोष्टीने. त्यांनी नुसतं म्हटलं असतं की दाखले दाखवायचे राहिले होते, तर मुलुंडपासून भांडुपपर्यंत एकानेही शंका घेतली नसती. अंबादासनेसुद्धा नाही. कुंदाताई सांगतात म्हणजे आपलंच काही चुकलं असेल, असं म्हणून तो गप्प बसला असता. शीतलसकट सात जणी पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हत्या. त्याही गप्प बसल्या असत्या. हे इतकं सोपं होतं, की कुंदाताईंनी वही मिटून बाजूला सरकवली.

दुपारचं जेवण गेलं नाही. पाचला मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्या प्रशिक्षकांची बैठक होती. नव्वद फुटी रस्ता ओलांडताना त्या दोनदा थांबल्या. एकदा तर वळून चार पावलं घराकडे चालल्याही.

शेडमध्ये त्यांनी उभं राहून सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्ष श्यामसुंदर यांनी पंखा बंद करायला लावला आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

श्यामसुंदर भला माणूस. त्यांनी हळूच सुचवलं, की एवढं मनाला लावून घेऊ नका, दाखले अपुरे होते असं कळवू, विषय संपेल. कुंदाताईंनी मान हलवली. "अपुरे नव्हते. मी बारा मोजलेत."

मग नियम निघाला. लागलेला ड्रॉ बदलायचा तर त्या गटातल्या सगळ्या प्रशिक्षकांच्या सह्या हव्यात. नववा संघ आला की आधी एक जादा सामना, आणि तो ड्रॉमध्ये तळाला असलेल्या संघाने खेळायचा. तळाला शर्मिष्ठाच्या मुलींचा संघ होता. सात जणांनी सह्या केल्या, काहींनी कुंदाताईंची नजर चुकवत. कागद शर्मिष्ठापुढे आला. तिने पेनाला हात लावला नाही.

"पुरावा काय, तुम्ही दाखले पाहिले होते याचा?"

"काही नाही. मी सांगते तेवढंच."

"रविवारी माझ्या तर हातात दाखले होते. घेतलेत?"

"नाही घेतले."

"मग?"

कुंदाताई तिच्याकडे वळल्या. "तू उशिरा आलीस, त्या उशिरा आल्या नव्हत्या. एवढाच फरक आहे, शर्मिष्ठा. पण तुझ्याशी भांडायच्या भरात मी वहीकडे पाहिलं नाही, हेही खरं. तू नाही म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही. भांडुपला जाऊन त्यांना सांगेन."

शर्मिष्ठाने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "चला. मलापण बघायचेत ते दाखले."

रिक्षात कुंदाताईंना वाटत होतं, सिग्नल लागावा, रिक्षा बंद पडावी, काहीही व्हावं.

वस्तीत पाण्याच्या टाकीशेजारच्या अरुंद पट्टीवर मुली सराव करत होत्या. एका टोकाला विजेचा खांब, दुसऱ्या टोकाला पुरलेला बांबू. कुंदाताईंना पाहून सगळ्या धावत आल्या आणि मॅच कधी म्हणून विचारू लागल्या. अंबादासकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे आम्ही बाद?" शीतलने विचारलं.

"चूक माझी आहे, बाळ. तुमची कुणाचीच नाही. पण तुम्हाला खेळवणं आता माझ्या एकटीच्या हातात राहिलं नाही."

अंबादास घरात जाऊन फाइल घेऊन आला आणि ती कुंदाताईंच्या हातात न देता सरळ शर्मिष्ठाला दिली. कुंदाताईंना ते लागलं, आणि बरोबरही वाटलं.

शर्मिष्ठा त्याच्या घराच्या पायरीवर बसून एकेक दाखला वाचू लागली. मुली रांगेत उभ्या. पलीकडच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. सातवा दाखला तिने परत मागे घेऊन पाहिला तेव्हा कुंदाताई एक पाऊल पुढे सरकल्या. मग आठवा, नववा. बारा झाल्यावर तिने फाइल मिटली आणि मुलींकडे पाहिलं.

"खांबावर वळून दाखवा एकदा."

शीतल धावली. विजेच्या खांबाला एका हाताने धरून अशी सपकन वळली, की शर्मिष्ठाच्या कपाळाला आठी पडली. ही मुलगी आपल्या संघाला पहिल्याच सकाळी घरी पाठवू शकते, हे तिला तिथल्या तिथे कळलं असणार. तिने कागद मांडीवर उलगडला आणि सही केली.

"शनिवारी सकाळी सात. माझ्याच पोरींशी आहे. हरलात तर रडायचं नाही."

"आणि तुमच्या रडल्या तर?" शीतल म्हणाली.

अंबादासने तिच्याकडे पाहून डोळे वटारले. शर्मिष्ठा मात्र हसली, पण हसू लगेच आवरून कुंदाताईंकडे वळली.

"माझ्या मुलांचं मी विसरलेले नाही. पुढच्या मीटिंगला काढणार आहे."

"काढ," कुंदाताई म्हणाल्या. "मी असेन."

मुली ओरडत पट्टीवर परतल्या. शर्मिष्ठा रिक्षाकडे निघाली, कुंदाताई मात्र थांबल्या. त्या तिथेच पायरीवर बसल्या. अंबादास त्यांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, बसला. पहिल्या डावात कुणाला धावायला लावावं, असं त्याने विचारलं. कुंदाताईंना खेळातलं तितकंसं कळत नव्हतं. तरी त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं.